क्लिप खरी असली तरी

गेल्या महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरात येणाऱ्या संध्याकाळच्या लाँचमध्ये कुणीतरी मागच्या बाकावरून एक क्लिप काढली. पुढच्या बाकावर एक बाई, शेजारी एक पुरुष. वाऱ्याने उडणारी ओढणी एका हाताने धरून तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले आहे. कडेला कुणा कोळणीच्या रिकाम्या पाटीचा काठ दिसतो. बस, एवढेच. लाँच धक्क्याला लागायच्या आत ती क्लिप आमच्या गावच्या ग्रुपवर पडली होती, ‘नवरा जहाजावर आणि ही बघा’ या ओळीसकट. दुसऱ्या दिवशी तिची आठवीतली मुलगी मधल्या सुट्टीतच दप्तर घेऊन घरी आली.

मीही ती क्लिप पाहिली आणि गप्प बसलो. त्याची बोच आहे, म्हणून हे पत्र.

तो पुरुष कोण, मला ठाऊक नाही. भाऊ असेल, मित्र असेल, लोक म्हणतात तोही असेल. मी मुद्दाम लोकांचेच म्हणणे खरे धरून चालतो, कारण खोट्या बदनामीला कुणीच चांगले म्हणत नाही. पण खरे असले म्हणजे चार गावांत वाटायला मोकळीक मिळते का? आपला कायदासुद्धा तसे मानत नाही. बदनामीच्या गुन्ह्यात, पूर्वीचे कलम 499 असो की आता न्याय संहितेचे 356, नुसते ‘खरेच तर बोललो’ म्हणून सुटका होत नाही. ते जाहीर करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. त्या बाईने कुणाच्या खांद्यावर डोके टेकले, याच्याशी गावाच्या हिताचा काय संबंध?

शेजारचे एक काका म्हणाले, ‘अरे, पण त्या नवऱ्याला कळायला नको?’ प्रश्न खरा आहे. फसवणूक झाली असेल तर त्याचे दुःख मोठे आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्याला एकट्याला फोन करता आला असता. त्याला कळले ते परक्या बंदरात, ग्रुपमधल्या शेकडो लोकांच्या बरोबरीने, हसण्याच्या इमोजींसकट. ज्याची बाजू घेतो म्हणून हे केले, त्याचीच अब्रू आधी गेली.

नवऱ्याला दाद मागायची तर न्यायालय आहे. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 497 रद्द केले. तेव्हापासून व्यभिचार गुन्हा नाही, पण घटस्फोटाचे कारण आजही आहे. जुलै 2025 मध्ये तर पती-पत्नीचे चोरून रेकॉर्ड केलेले संभाषणही अशा दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल, असा निकाल आला. तो सगळ्यांना पटेल असे नाही, मलाही पूर्ण पटलेला नाही. तरी तिथे पुरावा न्यायाधीशापुढे जातो आणि दुसऱ्या बाजूचे ऐकून घेतले जाते. ग्रुपवर त्या बाईला कुणी एक शब्द विचारला नाही.

अशी न ऐकता दिलेली शिक्षा आपल्या रायगडच्या जुन्या ओळखीची आहे. गावकी बसवून कुटुंबे वाळीत टाकल्याची किती प्रकरणे याच जिल्ह्यातून पुढे आली! त्याविरुद्धचा सामाजिक बहिष्काराचा कायदा जुलै 2017 पासून राज्यात लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता कुणी बैठक बोलावत नाही, दंड ठोठावत नाही. पण ती बाई लाँचला यायची थांबली आहे, हळदीकुंकवाचे बोलावणे तिला आले नाही, आणि मुलीशेजारी बाकावर बसायला वर्गातल्या मैत्रिणी तयार नाहीत. याला वाळीत टाकणे नाही तर काय म्हणायचे?

ग्रुपच्या ॲडमिनना विचारले तर ‘मी थोडीच टाकली’ हे उत्तर तयार असते. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलेच आहे. पण दुसऱ्याने टाकलेला मेसेज सर्वांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनला आहे आणि त्याला दोन सेकंद लागतात. मोरा-उरणच्या ज्या ज्या ग्रुपवर ती क्लिप अजून आहे, तिथल्या ॲडमिननी ती आजच काढावी. आणि ज्यांच्या फोनमध्ये ती उतरली आहे, त्यांनीही.

— एक वाचक, मोरा बंदर, ता. उरण