समेट कुणाच्या जिवावर?

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या लहानशा गावात दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी उत्तरेचे जनरल ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. ग्रँट यांनी लींच्या सैनिकांना बंदिवासात टाकले नाही. शस्त्रे खाली ठेवा आणि घरी जा, ज्यांची स्वतःची घोडी-खेचरे असतील त्यांनी ती शेतीसाठी घेऊन जा, असे सांगितले. उपाशी फौजेला शिधाही दिला. यादवी कशी संपवावी याचा धडा म्हणून हा प्रसंग जगभर सांगतात, आपल्याकडेही सांगतात. विजेत्याने औदार्य दाखवले, पराभूताने मान राखून हार स्वीकारली आणि देश पुन्हा एक झाला. पुढे जे बिघडले ते उत्तरेतल्या जहाल पुढाऱ्यांनी दक्षिणेवर घाईघाईने समता लादल्यामुळे बिघडले, अशी या गोष्टीची पुरवणीही असते. ही गोष्ट आणि तिची पुरवणी या दोन्हींचे खंडन केल्याशिवाय अमेरिकेच्या यादवीचे खरे फलित हाती लागत नाही.

युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, राज्यांच्या हक्कांसाठी होते, हा आक्षेप आधी निकालात काढू. त्याला फार वेळ द्यायला नको. फुटून निघालेल्या दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथील भाषणात आपल्या नव्या राज्याची कोनशिला गुलामगिरी हीच असल्याचे जाहीर केले होते. हरल्यानंतर त्याच स्टीफन्स यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहून युद्ध राज्यघटनेच्या अर्थावरून झाल्याचे प्रतिपादन केले. लढाईपूर्वीची कबुली आणि पराभवानंतरचा युक्तिवाद यांतले खरे कोणते, हे ठरवायला इतिहासकार लागत नाही.

आता औदार्याकडे येऊ. ते कुणाशी दाखवले गेले? स्टीफन्स १८७३ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, बसले आणि पुढे जॉर्जियाचे गव्हर्नर झाले. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना दोन वर्षे कैदेत ठेवून सोडले. त्यांच्यावर खटला कधी चाललाच नाही. मला सुडाची भूक नाही, फाशीच्या दोरांनी राष्ट्र सांधता येत नाही हे मलाही मान्य आहे. पण हिशेब पुरता मांडला पाहिजे. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेचे जनरल शर्मन यांनी किनाऱ्यालगतच्या जप्त जमिनी मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला. सुमारे ४०,००० माणसे त्या जमिनीवर वसली, पेरणीला लागली. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि त्याच वर्षाच्या शरदात त्या जमिनी त्यांना परत केल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ती जमीन कसली त्यांना उठवले आणि ज्यांनी राष्ट्राविरुद्ध शस्त्र उचलले त्यांना बसवले.

सरकारने कुणालाही फुकट जमीन देणे हे त्या काळच्या मालमत्तेच्या कल्पनेत बसत नव्हते, असे यावर उत्तर येते. तेही टिकत नाही. युद्ध चालू असताना, १८६२ मध्येच, काँग्रेसने होमस्टेड कायदा करून पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबाला १६० एकर देऊ केले होते. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांनाही विस्तीर्ण जमिनी देण्याचा कायदा झाला. त्या मूळ रहिवासी जमातींकडून हिसकावलेल्या जमिनी होत्या. म्हणजे जमीन वाटता येत होती, आणि हिसकावताही येत होती. मुक्त झालेल्या गुलामाची पाळी आली तेव्हाच मालमत्तेचे पावित्र्य आठवले.

'घाई केली' हा आरोप तर तारखा समोर ठेवल्या की कोसळतो. पहिली दोन वर्षे दक्षिणेला मोकळीकच होती. तिचे तिने काय केले? १८६५ च्या अखेरीस मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिना यांनी 'काळे कायदे' केले. मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाने दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवायचा. तो नसला की भटक्या ठरवून दंड करायचा आणि दंड भरता आला नाही की मजूर म्हणून दुसऱ्याच्या हवाली करायचे. मे १८६६ मध्ये मेम्फिसला आणि जुलैत न्यू ऑर्लिन्सला कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. त्यानंतर, मार्च १८६७ मध्ये, काँग्रेसने दक्षिणेची पाच लष्करी विभागांत वाटणी केली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मतदार केले. दोन वर्षे रक्त सांडलेले पाहून उचललेल्या पावलाला घाई म्हणायचे असेल, तर वेळेवर म्हणजे केव्हा?

आणि ती पुनर्रचना, म्हणजे दक्षिणेची नव्याने घडी बसवण्याचा हा प्रयत्न, मुळात चालण्याजोगी नव्हती, हा सर्वांत मोठा अपसमज. ती चालत होती. ज्या प्रदेशातल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे गुन्हा होता, तिथे नव्या राज्यघटनांनी सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी केली. सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय माणसे लहानमोठ्या सार्वजनिक पदांवर आली. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये गेले. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या मुखवटाधारी टोळ्यांनी दहशत माजवली तेव्हा १८७१ मध्ये कायदा झाला, आता अध्यक्ष असलेल्या ग्रँट यांनी साउथ कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क तहकूब केला, शेकड्यांनी धरपकड झाली आणि वर्षभरात त्या क्लॅनचा कणा मोडला. समाजाची मने बदलल्याशिवाय कायदा काही करू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावे. कुणाचेही मन बदलले नव्हते. राज्यसत्ता ठाम उभी राहिली एवढेच झाले होते.

आपल्याकडे याच काळात काय दिसत होते? मुंबईला ही यादवी कापसाच्या तेजीमुळे ठाऊक झाली. अमेरिकी कापूस अडला, मुंबईत पैसा ओतला गेला आणि युद्ध संपताच १८६५ च्या जुलैत सट्ट्याचा डोलारा कोसळला. जोतीराव फुल्यांनी मात्र त्या युद्धात माणसाची सुटका पाहिली आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सत्प्रवृत्त लोकांना अर्पण केले. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कचेरीच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांना वेढले, इमारत पेटवली आणि शरण आलेल्या कैद्यांनाही रात्री गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा साठापासून दीडशेपर्यंत सांगतात. मोजक्या लोकांना शिक्षेपर्यंत नेता आले, तेही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नाही, असे न्यायालय म्हणाले. फुल्यांची कृतज्ञता खोटी नव्हती; ज्यांना ती अर्पण केली त्यांनीच पाठ फिरवायला सुरुवात केली होती.

१८७३ च्या मंदीने उत्तरेचे लक्ष व्यापाराकडे वळले. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली, रदरफर्ड हेज अध्यक्ष झाले आणि एप्रिल १८७७ पर्यंत साउथ कॅरोलिना व लुइझियाना इथल्या विधानभवनांवरचे संघीय सैनिक बराकीत परतले. देश लष्करी बंदोबस्ताला कंटाळला होता, असे याचे समर्थन करतात. पण त्याच जुलैत रेल्वे कामगारांनी संप केला तेव्हा हेज यांनी संघीय फौजा पाठवल्याच. सैनिक होते. कुणासाठी पाठवायचे, याचा निर्णय बदलला होता.

पुढे कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी पुनर्रचना म्हणजे अंधारयुग, असा इतिहास रचला. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये तिथे शिकायला गेले तेव्हा डनिंग तिथे प्राध्यापक होते. त्या इतिहासाला डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये मोठा ग्रंथ लिहून उत्तर दिले. आणि भारतातली काँग्रेस व गांधी यांच्यावरील १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यादवीनंतर कृष्णवर्णीयांच्या वाट्याला काय आले, हे अस्पृश्यांसाठी इशारा म्हणून मांडले. आधी स्वातंत्र्य, हक्कांचे नंतर पाहू, या आश्वासनावर विसंबायला ते तयार नव्हते. त्यांचे वाचन अचूक होते.

माझे प्रतिपादन असे आहे. यादवी तोफा थांबल्याने संपत नाही. ज्याच्या मुक्ततेवरून ती लढली गेली त्या माणसाच्या हाती जमीन, मत आणि संरक्षण पडते तेव्हा ती संपते. अमेरिकेत यांतली जमीन दिलीच नाही, मत दिले आणि संरक्षण काढून घेतले. म्हणून लुइझियानात १८९६ मध्ये कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते, ते १९०४ मध्ये १,३४२ उरले. तरीही पुनर्रचना व्यर्थ गेली असे मी मानत नाही. १९५४ मध्ये शाळांतली वर्णभेदी विभागणी मोडली ती चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे, आणि १९६५ चा मताधिकार कायदा उभा राहिला तो वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी करणाऱ्या पंधराव्या दुरुस्तीवर. दोन्ही त्या बदनाम केलेल्या वर्षांत लिहिल्या गेल्या.

अमेरिकेच्या यादवीवर मराठीत पाठ, लेख, पुस्तके लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: ॲपोमॅटॉक्सपाशी थांबू नका, गोष्ट निदान १८७७ पर्यंत न्या.