माघारीची तारीख पुरेशी नाही



परकीय फौजा निघून गेल्या की अस्थिर देश आपोआप सावरतो, असा युक्तिवाद अफगाणिस्तानच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा केला जातो. मराठवाड्याचा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

आपला बीड जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात असताना २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. स्वतंत्र राहू पाहणाऱ्या निजामाला सिकंदराबादच्या छावणीतले भारतीय सैन्य परकेच वाटत होते. ते काढून घेण्यात आले. निजामाच्या बाजूची खासगी सशस्त्र संघटना असलेले रझाकार मात्र शस्त्रांसह जागेवरच राहिले. पुढच्या काही महिन्यांत गावेच्या गावे लुटली गेली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरट्यात कत्तल झाली. ऑगस्टमध्ये हैदराबादेत पत्रकार शोएबुल्ला खान यांचा खून झाला. शेवटी रझाकारांवर बंदी घाला आणि सिकंदराबादला फौज परत येऊ द्या, अशी मागणी दिल्लीला करावी लागली. ती मान्य झाली नाही आणि १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची ‘पोलीस ॲक्शन’ ही कारवाई सुरू झाली.

त्यानंतरचेही सांगितले पाहिजे. निजामी अंमल कोसळला आणि रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने नोंदवलेल्या हिंसाग्रस्त जिल्ह्यांत बीडही आहे. दोन्ही वेळी बळी गेला तो ज्याला कुणी वाली नव्हता त्याचा.

मग परकी फौज कायम ठेवायची का? मुळीच नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या, पण निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची एक छावणी आपल्या मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होती. त्या कंटिन्जंटच्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. परकी फौज पोसण्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. फौजा जाव्यात, पण त्याआधी खासगी सशस्त्र टोळ्या निःशस्त्र व्हाव्यात, लोकांना उत्तरदायी असलेले पोलीस उभे राहावेत आणि अल्पसंख्याकांना संरक्षणाची हमी मिळावी.

अफगाणिस्तानात हे झाले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तालिबानशी केलेल्या दोहा करारात अमेरिकेने माघारीची मुदत ठरवली, पण त्या करारात काबूलचे सरकार सहभागीच नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडले. आज तिथल्या मुलींना सहावीपुढे शाळा बंद आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारत वर्षानुवर्षे सैनिक पाठवत आला आहे. त्या अधिकाराने भारताने माघारीच्या प्रत्येक चर्चेत विचारावे: फौज गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावाचे रक्षण कोण करणार? याचे उत्तर मिळाल्याशिवाय माघारीचा कोणताही करार पूर्ण मानू नये.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)