स्वावलंबनाचा पहिला संगणक

संगणकाचा जन्म एखाद्या प्रशस्त प्रयोगशाळेत झाला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. बर्लिनमध्ये मात्र तो एका घराच्या दिवाणखान्यात आकारास आला. कोनराड झुझे या तरुण अभियंत्याने विमान कारखान्यातील नोकरी सोडली आणि १९३६ ते १९३८ या काळात आईवडिलांच्या घरी ‘झेड १’ हे यंत्र उभारले. टपाल खात्यात नोकरी केलेल्या वडिलांनी आणि आईने खोली दिली, पैशाचाही भार उचलला. मित्रांनी पत्रे कापून दिले. यंत्र वारंवार अडत असे. तरीही त्याच अनुभवातून १९४१ साली ‘झेड ३’ हा प्रोग्रामवर चालणारा संगणक सिद्ध झाला.

असे पाठबळ देण्याची परंपरा साताऱ्यालाही नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. त्या माउलीने मुलांना जेवू घातले. परंतु मुलांची कामे मुलांनीच करावयाची, हा तेथील दंडक होता. आधार द्यावा, पण हात बांधू नयेत, हे त्या वसतिगृहाचे मर्म होय.

सांगलीच्या हळदपेठेतील व्यापारी असो वा तासगावचा द्राक्षबागायतदार, दहावीच्या सुट्टीत मुलीने ‘संगणक स्वतः जोडते’ असे म्हटले, की त्याच्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो. सुट्या भागांचा खर्च थोडा नसतो. एखादी चूक महागात पडू शकते. त्यामुळे तयार संच आणून देणे अथवा स्क्रू-ड्रायव्हर आपल्या हाती घेणे, हे दोन सोपे मार्ग मोह घालतात. दोहोंतही मुलीची शिकण्याची संधी हिरावली जाते.

वस्तुतः पालकास संगणक येत नसला तरी पुष्कळ काही येत असते. विहिरीवरची मोटर सांभाळणाऱ्यास अर्थिंगचे महत्त्व सांगावे लागत नाही. घरातील तीन पिनांच्या सॉकेटला खरे अर्थिंग आहे की नाही, हे जाणकार वायरमनकडून तपासून घेणे ही त्याची पहिली मदत. भागांना हात लावण्यापूर्वी अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून उघड्या धातूस स्पर्श करावा, ही दुसरी सूचना. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवावी. रॅमची खाच पाहूनच ती बसवावी. बळ कोठेही लावू नये.

आणि बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला तर? खरी परीक्षा तेव्हाच असते, आणि ती मुलीइतकीच वडिलांचीही असते. ‘तरी म्हटले होते’ हे तीन शब्द त्या क्षणी गिळता आले पाहिजेत. वीज बंद करून एकेक जोड तपासावा, एका वेळी एकच बदल करावा. पुष्कळदा मदरबोर्डला मुख्य केबल जोडलेली असते, परंतु प्रोसेसरसाठीची स्वतंत्र वीजजोडणी राहून गेलेली असते. ती मुलीने स्वतः शोधली, तर त्या शोधाचे मोल संपूर्ण संचाहून अधिक.

अपरिग्रहाचा संस्कारही येथे सहज घडतो. जुना मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट चालत असेल तर नवे घेण्याचे कारण नाही. आज जे लागते तेवढेच घ्यावे, रॅम पुढे वाढविता येते. निकामी भागांत शिसे व अन्य विषारी द्रव्ये असू शकतात. ते उकिरड्यावर टाकले वा जाळले, तर माती, पाणी आणि त्यातील असंख्य जीव बाधित होतात. म्हणून असे भाग अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच सोपवावेत. अहिंसेचे पालन स्वयंपाकघरापुरते मर्यादित नाही.

असा संगणक घरात आला, की त्याच्या बिघाडाची भीती ओसरते. पुढील वर्षी धाकट्या भावाला तो उघडून दाखविताना मुलगी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हाती देईल आणि आपण बाजूस बसेल, तर वडिलांची मदत सार्थकी लागली असे समजावे.