आमची न्याहारी आणि आमची तक्रार

फरीदाबादेत नव्याने बदलून आलेल्या मराठी गृहस्थाची आणि आमची पहिली भेट बहुधा एकाच वळणाने जाते. घर मिळाले का, मुलांच्या शाळेचे काय, हे प्रश्न आटोपले की तो निःश्वास टाकून म्हणतो, "बाकी सर्व ठीक आहे हो, पण सकाळी खायचे काय? इथे काहीच मिळत नाही." लगेच जुने रहिवासी त्याच्या सुरात सूर मिसळतात. पुण्याचा फर्ग्युसन रस्ता निघतो, डेक्कनचा कोपरा निघतो, नारायण पेठेतली मिसळ निघते. घटकाभरात भूजल मंडळातला अभियंता, जलविद्युत महामंडळातला हिशेबनीस आणि वित्तीय प्रशिक्षणासाठी आलेला अधिकारी, तिघेही त्या विद्यापीठनगरीच्या आठवणीने व्याकूळ झालेले दिसतात.

या सामुदायिक विलापात आम्हीही पुष्कळ वर्षे सामील झालो आहोत. म्हणूनच त्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ही तक्रार खरी नाही. आणि जेवढी खरी आहे तेवढी ती आपल्याच नाकर्तेपणाची कबुली आहे.

प्रथम ज्या पुण्याचा दाखला उठल्याबसल्या दिला जातो त्या पुण्याकडे पाहू. डेक्कन जिमखान्यावरचे 'गुडलक' १९३५ साली निघाले ते इराण्याचे. 'रूपाली' आणि 'वैशाली' या फर्ग्युसन रस्त्यावरच्या दोन तीर्थस्थानांचे श्रेय जगन्नाथ शेट्टी यांचे. दक्षिण कन्नडातून पोरवयात पोटासाठी बाहेर पडलेला हा माणूस. 'वैशाली'चे मूळ नावच 'मद्रास हेल्थ होम' होते. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. त्याच सुमारास त्या रस्त्यावर इडली-डोशाची ही घरे उघडत होती. पुढे विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी आपली मते, आपले स्नेह आणि क्वचित आपले विवाहही सांबाराच्या वाटीसमोर बसून ठरवले, याची गणती कोण करणार? ज्या न्याहारीला 'आपली' म्हणून आपण उसासे टाकतो, तिचा मोठा वाटा असा परमुलखातून आलेल्यांच्या हातचा आहे.

मुंजाबाच्या बोळातले बेडेकर, केसरीवाड्याजवळची 'प्रभा', दादरचे १९१० पासूनचे मामा काणे ही नावे आम्ही विसरलेलो नाही. मराठी माणसाला उपाहारगृह चालवता येत नाही असे आमचे म्हणणे नाहीच. आमचे म्हणणे एवढेच की, पुण्याच्या सकाळीला जी चव आहे ती शुद्ध रक्ताची नाही. मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीजांमागून आला. बटाटेपोह्यांतला बटाटा तर आपले पोर्तुगीज नावसुद्धा बदलण्याच्या भानगडीत पडला नाही. पुण्याने हे सारे आपलेसे केले. पुण्याचा मोठेपणा त्यात आहे. आणि तिथे वाढलेले आपण फरीदाबादेत येऊन नेमके तेच विसरतो.

आता 'काहीच मिळत नाही' असे ज्या गावाविषयी म्हटले जाते ते गाव पाहा. जहांगिराचा खजिनदार शेख फरीद याने दिल्ली-आग्रा मार्गाच्या रक्षणासाठी १६०७ साली हे वसवले. त्या जुन्या वस्तीला ब्रजभूमी जवळची. म्हणून तिकडे सकाळी बेडमी पुरी आणि बटाट्याची रस्साभाजी मिळते. डाळीचे वाटण भरलेली ती खुसखुशीत पुरी आणि हिंगाचा वास असलेला तो पातळ रस्सा एकदा खाऊन पाहावा, आणि मग न्याहारी या विषयावर बोलावे.

लोहमार्गाच्या पलीकडचे फरीदाबाद निराळे. फाळणीत बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर इकडून हजारो कुटुंबे अंगावरच्या वस्त्रांनिशी आली. १९४९ पासून त्यांच्यासाठी येथे नवे औद्योगिक नगर उभे राहू लागले. राजेंद्रप्रसाद विकास मंडळाचे अध्यक्ष, सुधीर घोष प्रशासक आणि कमलादेवी चट्टोपाध्यायांचे सहकारी कार्यकर्ते मदतीला. परंतु विटा वाहिल्या आणि भिंती रचल्या त्या बव्हंशी निर्वासितांनीच. लक्ष्मीचंद जैन यांनी हा सारा इतिहास पुढे १९९८ साली ग्रंथरूपाने लिहिला. आज आपण ज्याला 'एक नंबर', 'पाच नंबर' म्हणतो ते हेच नगर. तिथल्या बाजारात सकाळी छोले-कुलचे, भटुरे, तव्यावरचे पराठे आणि लस्सी यांच्यापुढे माणसांची दाटी असते. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी परक्या मातीत चूल मांडली, आणि ती स्वतःपुरती न मांडता रस्त्यावर, चारचौघांसाठी मांडली. दिल्लीच्या परिसराची न्याहारी या माणसांनी घडवली आहे. तिच्यासमोर उभे राहून 'काहीच मिळत नाही' असे म्हणणे ही केवळ अरसिकता नव्हे, ती कृतघ्नता आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला आक्षेप तेलाचा. सकाळी सकाळी इतके तळलेले आम्हांस सोसत नाही, असे सांगितले जाते; आणि सांगणारा गृहस्थ सुटीत पुण्यास गेला की मिसळीवर तर्रीची दुसरी वाटी मागतो, नंतर साबुदाणा वड्याची प्लेट संपवतो. पोटाला प्रांत कळत नाही. कळतो तो मनाला. तेव्हा दोष तेलावर ढकलू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचा आम्ही आदर करतो. "आम्ही कोणाला नावे ठेवीत नाही," असे म्हणणारे म्हणतात, "आम्हांस फक्त आमचे हवे आहे. सकाळी पोह्यांचा वास नाकात जावा, एवढीच आमची इच्छा." इच्छा रास्त आहे. आईच्या हातची फोडणी आठवून ज्याच्या घशाशी आवंढा येत नाही त्याच्याशी आम्हांसही बोलायचे नाही. परंतु मग प्रश्न असा की, हे पोहे इथे आणायचे कोणी? उडुपीच्या माणसाने पुण्याला इडली आणली. बन्नूच्या माणसाने फरीदाबादेत तंदूर पेटवला. आपण काय आणले? आपण आणली ती बदलीची ऑर्डर.

आपली माणसे जिथे घर करून राहिली तिथे पोहे रस्त्यावर आले, याला इतिहास साक्ष आहे. होळकरांच्या इंदुरात वाफेवर ठेवलेल्या परातीतून पोहे दिले जातात. वर शेव, जिरावण, बाजूस जिलबी. ते आता मराठी राहिलेले नाहीत, ते माळव्याचे झाले आहेत. आणि यापरता सन्मान एखाद्या पदार्थाचा कोणता? गायकवाडांच्या बडोद्यात 'सेव उसळ' गाड्यावर मिळते; नावातली उसळ आपली, जिव्हा गुजराती. तिथले मराठी लोक गावचे झाले. फरीदाबादेत आपण वीस-वीस वर्षे काढतो, सेक्टरात सदनिका घेतो, मुलांची लग्ने इथेच करतो, आणि तरीही मनाने प्रवासी निवासात राहतो. पोहे खायचे तर मेट्रोची जांभळी गाडी पकडून जनपथ गाठायचे आणि कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनाचे दार ठोठवायचे! आपल्या राज्याचे सदन दिल्लीत असावे यात अभिमानच आहे. परंतु न्याहारीसाठीही सरकारच्या तोंडाकडे पाहणारा समाज इतरांच्या न्याहारीला नाके मुरडण्यास पात्र नाही.

यामागचे खरे कारण उच्चारण्यास कठीण आहे. हातगाडी लावणे, उलथणे हाती धरणे, अनोळखी माणसापुढे बशी ठेवून त्याचे पैसे घेणे, हे आपल्याला कमीपणाचे वाटते. राजपत्रात ज्याचे नाव छापून आले त्याने कढईपुढे उभे राहावे कसे? आणि म्हणून आपले पोहे घराच्या चार भिंतींत राहिले. तिथे ते कोण करते? ज्या गृहस्थाचा पोह्यांवरील रसाळ निबंध आपण दर बैठकीत ऐकतो, त्याला पोहे किती वेळ निथळावे हे विचारून पाहा. साडेपाचला उठून कांदा चिरणारी, आठची गाडी धरून स्वतःच्या कचेरीत जाणारी त्याची पत्नी त्या निबंधात कोठेच नसते. 'घरच्या न्याहारीची सर कशालाच नाही' या वाक्याचा हिशेब तिच्या झोपेतून चुकता होतो. या बाबतीत आम्ही स्वतः निर्दोष आहोत असा आमचा दावा नाही. तो असता तर हा लेख लिहिताना आमची मान जरा अधिक ताठ राहिली असती.

साहित्य मिळत नाही ही सबब तर कोणी सांगूच नये. जाडे पोहे आता कोणत्याही वाण्याकडे मिळतात. कढीपत्ता इथल्या कुंपणांतून 'मीठा नीम' या नावाने वाढतो. शेंगदाणे, मोहरी, हळद, हिरवी मिरची यांना कोणी बंदी केलेली नाही. उणीव आहे ती हातांची.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. गणेशोत्सवात सभासदांनी सभासदांसाठी, कूपन फाडून, मांडवाच्या आत जे खाद्यपदार्थ ठेवायचे ते खुशाल ठेवावे. परंतु महिन्यातून एका रविवारी सकाळी, सेक्टराच्या बाजारात, रीतसर परवानगी काढून, आपल्या मंडळींनी पोह्यांची कढई मांडावी. करणारे पुरुष असावेत. दर लिहिलेला असावा. गिऱ्हाईक बन्नूवाल्याचा नातू असो, बिहारचा दही-चुडा खाणारा कामगार असो, की ब्रजमधला दूधवाला असो, प्रत्येकास खोबरे-कोथिंबीर भुरभुरून, लिंबाची फोड ठेवून बशी द्यावी. त्याला आवडले नाही तर का आवडले नाही ते ऐकून घ्यावे. कोणी वर शेव मागितली, कोणी जिलबी मागितली, तर संस्कृती बुडाली असे समजू नये. इंदुरात ती अशीच तरली आहे.

आणि तत्पूर्वी एक प्रायश्चित्त. येत्या रविवारी प्रत्येकाने 'एक नंबर'च्या बाजारात किंवा जुन्या फरीदाबादेत जाऊन उभ्याने न्याहारी करावी, आणि झारा धरणाऱ्याला त्याचे घराणे मूळचे कुठले हे विचारावे. उत्तर ऐकल्यावर 'इथे काहीच मिळत नाही' हे वाक्य पुन्हा ओठांवर येणार नाही, अशी आमची खात्री आहे. ज्यांना घरी परतण्याची वाटच उरली नव्हती त्यांनी या गावाला न्याहारी दिली. ज्यांना दर दिवाळीस आरक्षित डब्यातून घरी जाता येते, त्यांनी निदान एक बशी पोहे तरी या गावाला द्यावे.