पडद्यावरचा गोल्फ

गुडघे थकल्यावर कॉम्प्युटरवर गोल्फ खेळणाऱ्या आणि जुन्या फटक्यांच्या आठवणींत रमणाऱ्या निवृत्तांना ‘म्हातारपणी पोरखेळ’ म्हणून हसायची रीत पडली आहे. ज्येष्ठांच्या विरंगुळ्याची बाजू या सदराने नेहमीच घेतली आहे. या हसण्याचा तर मनापासून राग येतो. कारण गोल्फचा निम्मा खेळ काठी उचलण्याआधीच होतो. चेंडू जागेवर स्थिर असतो. वारा कुठून आहे, उतार कुणीकडे आहे, अंतर किती, कोणती काठी घ्यायची, हे ठरवायला वेळ असतो. ही पारख गुडघ्यांबरोबर जात नाही. 1990 साली ‘लिंक्स’ हा खेळ घरच्या कॉम्प्युटरवर आला, निदान तेव्हापासून तरी ती पडद्यावरही चालवता येते. शिवाय गोल्फच्या आठवणी जमिनीला चिकटलेल्या असतात. चेंबूरच्या 1927 सालच्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर उमेदीची वर्षं खेळलेल्या माणसाला आकड्यांआधी झाडं आणि चढ आठवणार. दोन म्हातारे त्या चढावरून वाद घालतात तेव्हा त्यांचा खेळ चालूच असतो.

पडद्यावर चालणं कुठे आहे, हा आक्षेप खरा आहे. अठरा होलची फेरी म्हणजे सहज सहा-सात किलोमीटर पायपीट, तीही उन्हावाऱ्यात. चालण्याखेरीज आणखीही काही पडद्यावर उतरत नाही. जानेवारी 2025 मध्ये टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांनी अमेरिकेत बंदिस्त सभागृहातली लीग सुरू केली. लांबचे फटके तिथे प्रचंड पडद्यावर मारतात, पण चेंडू होलजवळ आला की उरलेला खेळ सभागृहातल्याच खऱ्याखुऱ्या ग्रीनवर होतो. एवढा पैसा आणि तंत्र हाताशी असूनही शेवटचा हलका फटका त्यांनी पडद्यावर सोपवला नाही. पण ज्याला चालताच येत नाही, त्याच्यापुढे मैदान की पडदा अशी निवड नसतेच. पडदा की काहीच नाही, अशी असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हा श्रीमंतांचा खेळ, रसायनीसारख्या कारखान्याच्या गावाला त्याचं काय? सिडकोचं गोल्फचं मैदान तिकडे खारघरला. गोल्फ जमीन आणि पाणी भरपूर खातो, हेही खरं. मात्र 1991 ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीचा कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा होता. पारख सभासदत्वाबरोबर येत नाही. आणि पडद्यावरच्या गोल्फला जमीन, पाणी, सभासदत्व यांतलं काहीच लागत नाही.

रसायनीला तर खेळापेक्षा सोबत्यांचा प्रश्न मोठा आहे. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचे इथले तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे 2017 मध्ये घेतला. रॉकेटच्या इंधनासाठी लागणाऱ्या रसायनाचा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचं ठरलं. यंत्रांचा हिशेब झाला, जमिनीचा झाला. पण कारखान्याच्या गावात माणसं पाळी सुटल्यावर एकत्र खेळतात; कारखाना थांबला की कॅरमचा चौथा गडी मुलाकडे पुण्याला जातो, तिसरा पनवेलला. त्या जोड्यांचा हिशेब कोणत्याच ठरावात नसतो. पडद्यावर मात्र पुण्याचा गडी आणि इथल्या मोहोपाड्याचा गडी एकाच डावात बसू शकतात, मग तो गोल्फ असो की कॅरम. अशाने माणसं घरातच कोंडून राहतील, असं कुणी म्हणेल. म्हणूनच तो पडदा घरात नको, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत हवा. मोहोपाड्यात अशी एक खोली, एक कॉम्प्युटर आणि चार खुर्च्या मागायला हरकत नाही.