आधी गळ काढून ठेवा

कोलकात्यातली थंडी म्हणजे मेळ्यांचे दिवस. डिसेंबर लागला की प्रत्येक मोकळ्या मैदानावर बांबू-कापडाचे मांडव उभे राहतात. कुठे पिठेपुलीचा मेळा, कुठे हस्तकलेचा, मग पुस्तकांचा. आणि माशांचाही असतो बरं का! हुगळी जिल्ह्यात बँडेलजवळ केष्टोपूर म्हणून गाव आहे. तिथे बंगाली माघ महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, माशांचा मेळा भरतो. पाचशे वर्षांची परंपरा सांगतात. मी एकदा गेले होते. एकट्याने उचलवणार नाही असे कातला आणि रुई ओळीने मांडलेले होते. पण मासा धरायचा कसा, हे शिकवणारा एकही मांडव मला दिसला नाही. बंगाली माणसाला ते काय शिकवायचं, असाच हिशोब असणार.

गेल्या थंडीत आम्ही तो मांडव घातला. केष्टोपूरला नाही, आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या आनंदमेळ्यात. मिसळ आणि बटाटेवड्याच्या स्टॉलच्या पलीकडे, मैदानाच्या कोपऱ्यात पाटी लावली : ‘फ्लाय कास्टिंग – दहा मिनिटांत – वीस रुपये.’ निम्म्या लोकांना वाटलं, विमानाचं काहीतरी आहे.

कल्पना माझी नव्हे, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मेशोमशायांची. मेशोमशाय म्हणजे मावशीचे यजमान. इथे शेजारच्या वडीलधाऱ्यांना असंच एखादं नातं चिकटवून टाकतात. ते उमेदीत डुआर्सच्या चहामळ्यात नोकरीला होते. तिथल्या साहेबाने त्यांना ही विद्या शिकवली. कोलकात्यात आल्यावर तिकीट काढून तळ्याकाठी बसणाऱ्यांत तेही सामील झाले. चार टाकायचा (म्हणजे माशांना जमवायला खळीचा वास असलेलं खाणं), गळाला मुंग्यांची अंडी लावायची आणि पाण्यावर तरंगणाऱ्या फातन्याकडे दिवसभर बघायचं. पण कपाटावर ती जुनी नऊ फुटी काठी होतीच. दर रविवारी सकाळी ते ती गच्चीवर नेत आणि पाणी नसलेल्या गच्चीवर दोरी फेकत. बिल्डिंगमधल्या नव्या भाडेकरूंना पहिल्यांदा काळजीच वाटे.

आता फ्लाय फिशिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आपल्या कोकणात गरवायला बसतात तेव्हा दोरीच्या टोकाला शिसं असतं. वजन ते, आणि दोरी त्याच्यामागून जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. टोकाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन जवळजवळ नाहीच. पीस फेकून बघा, पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेलं असतं. दोऱ्यांना नंबर असतात. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट तोलले तर सुमारे नऊ ग्रॅम भरतात. तेवढं वजन हवेत उलगडतं आणि माशीला सोबत नेतं. (बंगालीत माशाला माछ आणि माशीला माछी म्हणतात, आणि ‘माशी’ म्हणजे मावशी. ‘माशी लावून मासे धरतात’ असं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मेशोमशायांच्या बायकोने, माशिमांनी, माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.)

इंग्लंडात १९५८ साली न्यूमार्केटजवळ स्टेचवर्थला पहिला ‘गेम फेअर’ भरला. तशा ग्रामीण मेळ्यांत हे शिकवायचे मांडव असतातच. मेशोमशायांच्या साहेबाने त्यांना त्याचं वर्णन करून सांगितलं होतं, आणि ते त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

मी मात्र पटकन हो म्हटलं नाही. त्याचं कारण सांगते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा एका ओळखीच्यांच्या तळ्यावर मी त्याला गळ टाकायला शिकवायला नेलं. मला स्वतःला तेव्हा जेमतेम येत होतं. पण त्याला मासा लागलाच पाहिजे, संध्याकाळी घरी जाऊन सांगता आलं पाहिजे, अशी मला घाई. पहिल्याच फेकीला मी गळ बांधून काठी त्याच्या हातात दिली. ‘जोरात मार,’ म्हटलं. त्याने जोरात मारली. गळ मागून आला आणि त्याच्या भुवईत रुतला. डोळ्यापासून अर्धा इंचही नसेल. गळाला उलटं टोक असतं, त्यामुळे तो ओढून निघत नाही. डॉक्टरांनी तो पुढे ढकलून, टोक कापून काढला. पाच मिनिटांचं काम. मुलगा रडला नाही. पण त्यानंतर त्याने काठीला कधी हात लावला नाही. तो आज सव्वीस वर्षांचा आहे, बंगळुरूला असतो. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

मेशोमशायांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, ‘मग गळ काढूनच टाकू. पाणीही नको.’

तेच आमच्या स्टॉलचं सगळं शास्त्र झालं. गवतावर शिकवायचं. माशीच्या जागी केशरी लोकरीचा तुकडा बांधायचा, म्हणजे लांबून दिसतो आणि लागला तरी लागत नाही. तरीही प्रत्येकाला टोपी आणि चष्मा, कारण दोरीचा फटका डोळ्याला बसू शकतो. तीस फुटांवर मुलांची हुला-हूपची रिंग टाकून ठेवली. एका वेळी एकच शिकणारा, मागे पन्नास फूट मोकळं. मैदानाच्या उजव्या बाजूने विजेच्या तारा जात होत्या, म्हणून ठरलेली जागा सोडून डावीकडे गेलो. हे कृपा करून लक्षात ठेवा : आजच्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. तारेखाली काठी उचलायचीच नाही, मासा केवढाही असो.

आणि मग शिकवणं. दहा मिनिटांत किती शिकवता येतं? माझ्या मते एकच गोष्ट : थांबणं.

शेजारी मोठं घड्याळ उभं आहे असं समजा. काठी पुढे दहापर्यंत आणि मागे एकपर्यंत, बस. पण नवीन माणूस काय करतो? पुढे नेमकं फेकायचं म्हणून मागे काठी पार चारवर नेतो आणि दोरी गवतात लोळते. किंवा मागे नेल्याबरोबर लगेच पुढे खेचतो. तेव्हा आसुडासारखा फट् आवाज होतो. तो आवाज पोरांना फार आवडतो, पण पाण्यावर असता तर माशी तुटून गेली असती. मागे गेलेली दोरी आधी पूर्ण सरळ व्हायला हवी. ती सरळ झाली की तिच्या वजनाने काठी वाकते, आणि ती वाकलेली काठीच पुढचं काम करते. म्हणजे खरी फेक तुमच्या पाठीमागे तयार होते, जिथे तुम्हाला दिसत नाही. म्हणून सगळ्यांना घाई होते.

त्या वेळेपुरता मुलांना मी एक शब्द दिला. मागे न्या, थांबा, ‘मिसळपाव’ म्हणा, मग पुढे. शेजारच्या स्टॉलचा वास येतच होता. दोरी वीस-पंचवीस फूट असेल तर तेवढा वेळ बरोबर पुरतो. मेशोमशाय आपले ‘दाँडाओ, दाँडाओ’ करत होते. बंगालीत त्याचा अर्थ उभा राहा असाही होतो आणि थांब असाही. दोन्ही लागू पडत होते.

सगळ्यात कठीण गिऱ्हाईक कोण होतं सांगू? धडधाकट बाप्ये. एक गृहस्थ व्यायामशाळेतल्यासारखे बाह्या सरसावून आले आणि दहा मिनिटं स्वतःच्याच टोपीवर दोरी गुंडाळत राहिले. उलट, सांगलीकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा इथे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहे. त्या बाजूला उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘हे तर सुपानं पाखडल्यागत हाय. झटका द्यायचा आन् थांबायचं.’ काठी हातात दिली. दुसऱ्या फेकीला लोकर रिंगच्या काठावर! मी त्या दिवसापासून शिकवताना सुपाचंच उदाहरण देते. ज्यांनी सूप पाहिलेलं नाही त्यांना खिळा ठोकायला सांगते. हातोडी खिळ्यापाशी थांबते, भिंतीतून पलीकडे जात नाही.

जोर लागत नाही याचा मोठा पुरावा एका बाईंनीच देऊन ठेवला आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या जोन वुल्फ, जन्म १९२६. दहा वर्षांच्या असताना त्यांनी वडिलांची काठी घेऊन फेकून पाहिली, तर काठीचं पुढचं टोकच निसटून तळ्यात पडलं. शेजाऱ्याने दाताळ्याने ते बाहेर काढलं. वडील रागावतील अशी धास्ती होती, पण त्यांनी पोरीला सरळ आपल्या कास्टिंग क्लबात न्यायला सुरुवात केली. पुढे १९५१ साली लांब फेकीच्या एका राष्ट्रीय स्पर्धेत सगळ्या पुरुषांना मागे टाकून त्या पहिल्या आल्या, आणि १९६० साली त्यांनी १६१ फूट दोरी फेकली. नंतर १९७९ मध्ये नवऱ्याबरोबर न्यूयॉर्क राज्यात शाळा काढून लोकांना शिकवत राहिल्या. मला ते १६१ फूट मोठे वाटतातच, पण त्याहून त्या वडिलांचं वाटतं. काठी पाण्यात गेली त्या दिवशी त्यांच्या तोंडून काय निघालं असतं आणि काय निघालं नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

आमच्याकडे दुपारी एक मुलगी आली, दहा-अकराची. सोबत वडील. ती काठी धरते न धरते तोच हे सुरू : ‘अगं जोर लाव. मनगट वाकवू नको. तसं नाही, असं.’ तिने एकदा फेकली, दोरीचा गुंता झाला. दुसऱ्यांदा झाला. तिसऱ्यांदा तिने काठी माझ्याकडे परत द्यायला हात पुढे केला. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मी वडिलांना म्हटलं, ‘दादा, तुम्ही जरा रिंगजवळ उभे राहून लोकर कुठे पडते ते बघाल का?’ तीस फूट लांब गेले बिचारे. मग मी तिच्या हातावर हात ठेवला नाही, काही सांगितलंही नाही. फक्त मागे दोरी सरळ झाली की ‘आता’ म्हणायचं, एवढंच. सातव्या का आठव्या वेळी तिने स्वतःच मान वळवून मागे पाहिलं, दोरी हवेत लांब पसरलेली दिसली, आणि ती न बोलताच पुढे आली. लोकर वडिलांच्या बुटावर पडली. त्यांनी वाकून ती उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

मान वळवून मागे बघायला पुस्तकी शिक्षक नाही म्हणतात, खांदा फिरतो म्हणून. फिरू दे. नवशिक्याने बघावंच. ज्याची वाट बघायची ते दिसलं तर वाट बघता येते.

माशिमांना अजून हे सगळं पटलेलं नाही. त्यांचा आक्षेप सरळ आहे : गळ नाही, पाणी नाही, आणि हिमाचलात तीर्थनच्या काठी परवाना काढून ट्राउट धरतात तेही सोडून देतात, मग भाताबरोबर खायचं काय? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मेशोमशायांकडेही नाही, म्हणून ते अजूनही तिकीट काढून तळ्यावर जातात. रुई मधल्या पाण्यात आणि कातला वरच्या पाण्यात चरतात, पण तिथे खोट्या माशीपेक्षा कणकेचा गोळा बरा. मी हे तुम्हाला कोलकात्यात जेवणाची सोय म्हणून सांगतच नाहीये.

तुमच्याकडे काठी नसली तर? घरातल्या मुलांना घेऊन चार फुटी बांबूच्या लवचिक कामटीला दहा फूट जाडसर लोकर बांधा. टोकाला रंगीत लोकरीचा गोंडा. मागे, थांब, पुढे. वारा डाव्या बाजूने येईल असे उभे राहा. उजव्या हाताने फेकताना उजवीकडून वारा आला तर दोरी कानावर येते. डावखुऱ्यांनी उलट. दहा मिनिटं झाली की बंद करा, मूल ‘अजून’ म्हणत असेल तरी. म्हणत असेल तर जास्तच. आणि स्वतः तीस फूट लांब जाऊन उभे राहा.

त्या मुलीचा व्हिडिओ तिच्या वडिलांनी मला पाठवला होता. मी तो बंगळुरूला मुलाला पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : ‘गळ लावला नव्हतास ना?’

नव्हता, म्हणून कळवलं.

या संक्रांतीला तो येतोय. मेशोमशायांनी काठी पुसून दाराशी ठेवली आहे. मी अजून काहीच म्हटलेलं नाही.