मंद बाजार आणि उघडे खरेदीखत

बेळगावात आपल्यापैकी काही कुटुंबांनी वडिलोपार्जित घर विकायला काढले आहे, पण महिनोन्महिने गिऱ्हाईक नाही. अशा वेळी दोन मोह होतात: भिंतीची ओल रंगाखाली झाकायची, आणि निम्मे पैसे रोख घेऊन खतात किंमत कमी दाखवायची. अशा व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई आहे. पण आपल्याकडे त्याहून जुना दाखला आहे.

यिर्मयाचा ३२वा अध्याय पाहा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. त्याहून मंद बाजार कोणता? तरी यिर्मयाने अनाथोथचे शेत घेतले, १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमोर खत केले. सारा व्यवहार चारचौघांत.

म्हणून आम्हांला वाटते, ओल दाखवावी, पुरी किंमत खतात लिहावी आणि भाव उतरला असेल तर कमी घ्यावे. त्यात तोटा होईल, हे खरे. गरज तातडीची असेल तर ती मंडळीत सांगावी. पण जो त्या घरात पहिला पावसाळा काढणार आहे, त्याला फसवू नये. तोही आपला शेजारीच आहे.